माईक तिच्या हातात द्या: अमेरिकेत कृष्णवर्णीय कार्यकर्त्या स्त्रियांचा सत्कार कसा योजावा

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर नागरी हक्कांच्या मोर्चासाठी सुमारे अडीच लाख लोक जमले होते. त्या दिवशीच्या छापील कार्यक्रमात एक बाब होती: स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांना मानवंदना. खाली सहा जणींची नावं होती. त्यातल्या दोघींना तर स्वतःचं नावही मिळालं नव्हतं. खून झालेल्या नवऱ्यांच्या नावानं ‘मिसेस मेडगर एव्हर्स’ आणि ‘मिसेस हर्बर्ट ली’ असं छापलं होतं. मुख्य वक्त्यांच्या यादीत एकही बाई नव्हती. मर्ली एव्हर्स पोहोचू शकल्या नाहीत, म्हणून डेझी बेट्स यांना एक छोटंसं निवेदन करता आलं. १९५७ साली लिटल रॉकच्या गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांचा प्रवेश ज्यांनी तडीस नेला, त्या या डेझी बेट्स. रोझा पार्क्स यांची नुसती ओळख करून दिली गेली. मेरीलँडमधल्या चळवळीच्या नेत्या ग्लोरिया रिचर्डसन यांनी पुढे सांगितलं, की त्यांनी ‘हॅलो’ म्हणताच त्यांच्यासमोरचा माईक काढून घेतला गेला.

मानवंदना होती, फक्त बोलायला वाव नव्हता. अमेरिकेतलं महाराष्ट्र मंडळ, शाळेची पालक संघटना किंवा ऑफिसमधला गट, कुठेही तुम्ही अशा सत्काराची तयारी करत असाल, तर हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवा. जिचा सत्कार आहे ती बोलली पाहिजे, आणि कार्यक्रम संपल्यावर तिच्या कामाच्या पदरात काहीतरी पडलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठी आहेत.

हे काम आपण का करायचं, असा प्रश्न मंडळाच्या बैठकीत हमखास येतो. त्याचं उत्तर तयार ठेवा. १९६५च्या आधी भारतातून दरवर्षी जेमतेम १०० जणांना अमेरिकेत स्थायिक होण्याची परवानगी होती. मूळ देशावरून माणसं मोजणारी ती पद्धत १९६५च्या स्थलांतर कायद्यानं मोडली. नागरी हक्कांच्या चळवळीनं देशाची हवा बदलली नसती, तर तो कायदा होणं अवघड होतं. आपण इथे आहोत त्यात त्या चळवळीचा वाटा आहे, आणि चळवळीतलं बरंचसं राबणं बायकांचं होतं. महात्मा फुल्यांनी तर १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता. म्हणजे हे नातं आपण नव्यानं जोडत नाही.

पहिली पायरी: विचारायला जा

हॉल बुक करू नका, पत्रिकेचं डिझाइन करू नका. साधारण चार महिने हाताशी असताना आधी गावातल्या कृष्णवर्णीय संस्थांकडे जा. जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेल्या संघटनेची शाखा असते. मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांनी १९३५ साली स्थापलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या संस्थेचे गट असतात. ऐतिहासिक नाव असल्यामुळे संस्थेनं ते तसंच ठेवलं आहे. शिवाय सोरोरिटी, म्हणजे कॉलेजातून सुरू झालेल्या स्त्रियांच्या संघटना असतात. अल्फा कॅपा अल्फा (१९०८), डेल्टा सिग्मा थीटा (१९१३), झीटा फाय बीटा (१९२०) आणि सिग्मा गॅमा ऱ्हो (१९२२) या चार मुख्य. आपल्याला वाटतं हा कॉलेजातला प्रकार असेल. पण यातल्या बायका पदवीनंतर आयुष्यभर सदस्य राहतात, शिष्यवृत्त्या देतात, मतदार नोंदणीची शिबिरं घेतात. गावात कोण काय करतं हे त्यांच्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असतं. आणि चर्चला विसरू नका. भूक, भाडं, आजारपण, तुरुंगातून सुटलेली मुलं, यांचं बरंचसं काम चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरातून चालतं, आणि ते करणाऱ्या बाईचं नाव कुठल्याही वेबसाइटवर नसतं.

तिथे गेल्यावर आपला बेत सांगू नका, विचारा. असा सत्कार तुम्ही आधीच करता का? त्यात आम्ही हातभार लावू शकतो का? कित्येकदा उत्तर ‘हो’ असतं. मग वेगळा कार्यक्रम करण्यापेक्षा त्यांच्या कार्यक्रमाला चार टेबलं प्रायोजित करावीत, खुर्च्या लावायला वीस माणसं द्यावीत. मंडळाच्या नावाचा फलक लागला नाही तरी चालेल. मला हा मार्ग सगळ्यात जास्त पसंत आहे.

तारखेचंही त्यांनाच विचारा. फेब्रुवारी हा कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना. कार्टर वुडसन यांनी १९२६ साली एक आठवडा म्हणून सुरू केलेला उपक्रम १९७६पासून महिनाभराचा झाला. पण त्या महिन्यात या बायकांना चहूकडून बोलावणी असतात आणि एप्रिलपासून फोन वाजायचा थांबतो. म्हणून मे किंवा ऑक्टोबर बरा. ६ ऑक्टोबर हा मिसिसिपीत मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या फॅनी लू हेमर यांचा जन्मदिवस आहे, त्याला धरून आखता येतं. रविवारी सकाळी काही ठेवू नका, ती चर्चची वेळ.

निवड कुणाची?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. निवड समितीत निम्म्याहून अधिक सदस्य कृष्णवर्णीय स्त्रिया असाव्यात, नुसतं नाव लावायला नव्हे तर मत द्यायला. एका वर्षी तीनपेक्षा जास्त सत्कार करू नका. बारा जणींना ओळीनं उभं करून ढाल देण्यात कुणाचंच काम लोकांपर्यंत पोहोचत नाही.

शिफारसपत्र एका पानाचं ठेवा. ‘नेतृत्वगुण सांगा’ असं विचारलं की लोक विशेषणं लिहितात. त्याऐवजी विचारा: यांनी काय सुरू केलं? कोणत्या वर्षी? ते अजून चालू आहे का? त्यांनी कुणाला तयार केलं?

माँटगोमेरीच्या बस बहिष्काराकडे बघा. अलाबामातल्या या शहरात बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागे, म्हणून कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. सगळ्यांना रोझा पार्क्स माहीत असतात. पण १ डिसेंबर १९५५च्या रात्री त्यांच्या अटकेची बातमी कळल्यावर जो अॅन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिकेनं एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबत घेऊन आपल्या कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं रातोरात छापली. त्या विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विननं जागा सोडायला नकार दिला होता. तिच्या नावावरची ती पोलीस नोंद पुसली जायला २०२१ साल उजाडलं. आणि जॉर्जिया गिलमोर. त्या स्वयंपाकी होत्या. बहिष्काराच्या खटल्यात साक्ष दिली म्हणून त्यांची उपाहारगृहातली नोकरी गेली. घरच्या चुलीवर त्यांनी चिकन तळलं, केक आणि रताळ्याचे गोड ‘पाय’ (pie) भाजले आणि इतर बायकांना सोबत घेऊन ते विकले. जमलेले पैसे चळवळीच्या सभेत आणून ठेवायच्या. गटाचं नाव होतं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले असं कुणी विचारलंच, तर कुठूनच नाही असं सांगता यावं म्हणून. त्या बायकांपैकी अनेकींच्या नोकऱ्या गोऱ्यांच्या घरात होत्या, नाव फुटलं तर पोटावर पाय आला असता. ३८१ दिवस लोक चालले आणि गाड्यांची सोय झाली, त्या गाड्यांच्या पेट्रोलमध्ये या केकचे पैसे होते.

तुमच्या गावात जो अॅन रॉबिन्सन कोण आणि जॉर्जिया गिलमोर कोण, हे समितीनं शोधायचं आहे. नगरसेविका, न्यायाधीश, डॉक्टर यांचे सत्कार होत राहतात. तीनपैकी एकच नाव तसं ठेवा.

नाव ठरलं की जाहीर करण्याआधी तिला विचारा, आणि नकार आला तर मान्य करा. काही जणी म्हणतात, मला नको, आमच्या गटाला द्या. तसंच करा.

माहिती गोळा करताना

तिच्या घरी किंवा तिच्या कामाच्या जागी जा, तासाभरापेक्षा जास्त बसू नका, बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी लेखी संमती घ्या. ‘वंशभेद सहन करताना कसं वाटलं?’ हा प्रश्न विचारू नका. तिनं आपलं दुःख तुमच्यासमोर मांडावं अशी अपेक्षा करणंच चूक आहे. ‘हे काम सुरू झालं तेव्हा तुमच्याबरोबर कोण होतं?’ असं विचारा. या एका प्रश्नानं जुने फोटो, चर्चच्या वार्षिकोत्सवाच्या पुस्तिका, रबर बँड लावून ठेवलेली हिशेबाची वही, असं सगळं टेबलावर येतं. फोटोमागे लिहिलेली नावं तिथेच उतरवून घ्या. फोटो घरी नेऊ नका, फोननं टिपा.

मग पडताळणी. सार्वजनिक ग्रंथालयाचा स्थानिक इतिहास विभाग आणि कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांचे जुने अंक बघा. शिकागोचं ‘डिफेंडर’ १९०५पासूनचं आहे आणि बऱ्याच शहरांत तशी पत्रं होती. ‘पहिली कृष्णवर्णीय स्त्री’ असा दावा दोन ठिकाणी सापडल्याशिवाय छापू नका.

नाव आणि संबोधन

१९६३ साली अलाबामातल्या गॅडस्डेनच्या न्यायालयात सरकारी वकिलानं मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला नुसतं ‘मेरी’ म्हणून हाक मारली. गोऱ्या साक्षीदारांना मिस्टर, मिसेस म्हणत आणि कृष्णवर्णीयांना पहिल्या नावानं. त्यांनी सांगितलं, ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी अवमानाबद्दल पाच दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६४ साली ती शिक्षा रद्द झाली.

म्हणून सूत्रसंचालकाला बजावून ठेवा: मिस, मिसेस, डॉक्टर, रेव्हरंड, जे तिला हवं ते, आडनावासकट. अमेरिकेत सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात हे खरं, पण ऐंशी वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईंना तसं म्हणू नका. उच्चार फोनवर त्यांच्याकडूनच ऐकून कागदावर देवनागरीत लिहून ठेवा. मराठीतून निवेदन असेल तर ‘कृष्णवर्णीय’ म्हणा. ‘काळी’ किंवा ‘निग्रो’ हे शब्द स्टेजवर नकोत आणि स्वयंपाकघरातही नकोत.

पैशांचं

पाहुणी म्हणून बोलावता तेव्हा तिचा अर्धा दिवस जातो. ती बोलणार असेल तर मानधन द्या, आकडा आधी सांगा आणि त्याच दिवशी चेक हातात ठेवा. मानधन हे करपात्र उत्पन्न असतं, त्यामुळे खजिनदाराला डब्ल्यू-९ फॉर्म लागेल. तो कार्यक्रमानंतर नको, आधी मागवा. तिच्या कुटुंबाला तिकीट लावू नका, पहिल्या दोन रांगा त्यांच्या.

एकूण खर्चाचे तीन भाग करा असं मी सुचवीन: एक तिच्या कामाला देणगी, एक मानधन आणि जेवण, उरलेल्यात हॉल, ध्वनिव्यवस्था, छपाई. ढाल आणि सजावटीवर सगळ्यात कमी. जेवण शक्यतो गावातल्या कृष्णवर्णीय मालकाच्या केटररकडून घ्या. सोबत आपले बटाटेवडे असले तर बहारच.

सन्मानाला पैशाची जोड का हवी, हे सेप्टिमा क्लार्क यांच्या आयुष्यात दिसतं. चाळीस वर्षं शिकवून झाल्यावर १९५६ साली साउथ कॅरोलायनानं त्यांना कामावरून काढलं, कारण एनएएसीपीचं सदस्यत्व सोडायला त्यांनी नकार दिला. नोकरी गेली, पेन्शनही गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉन्स आयलंडवर एका दुकानाच्या मागच्या खोलीत पहिली नागरिकत्व शाळा सुरू केली. शिकवायला होत्या बर्निस रॉबिन्सन, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या. प्रौढ माणसं तिथे आपलं नाव लिहायला, फॉर्म भरायला आणि मतदार नोंदणीसाठी राज्यघटनेतला उतारा वाचायला शिकली. ही शाळा दक्षिणेत गावोगाव पसरली आणि हजारोंना मतदार करून गेली. क्लार्क यांना पेन्शन परत मिळाली १९७६ साली. अशा बाईला वीस वर्षांत कितीतरी शाली आल्या असत्या, तरी पेन्शनची जागा त्यांनी भरली नसती. तुमच्या सत्कारमूर्तीचं काय अडलं आहे ते विचारा. कधी शिष्यवृत्तीसाठी रक्कम हवी असते, कधी डीप फ्रीझर, कधी संस्थेची करपत्रकं भरून देणारा माणूस. शेवटचं तर आपल्या मंडळात सहज मिळतं.

मानपत्र

आपल्या मानपत्रांना एक जुनी सवय आहे: त्यागमूर्ती, करुणेचा सागर, वंचितांची माउली. हे सगळं खोडा. जॉर्जिया गिलमोर यांचं मानपत्र असं लिहिलं तर त्या कुठेच दिसणार नाहीत. असं लिहा: ‘बस बहिष्काराच्या काळात नोकरी गमावूनही आपण घरातल्या स्वयंपाकघरात अन्न शिजवून विकलंत, इतर बायकांना सोबत घेतलंत, त्यांची नावं जपलीत आणि जमलेला पैसा चळवळीच्या वाहनांसाठी दिलात.’ क्रियापदं मोजा. जितकी क्रियापदं जास्त, तितकं मानपत्र खरं.

आणखी एक जपा. बाईचं धोरण हे योगायोग म्हणून लिहू नका. रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, असं मुलांना अजूनही शिकवतात. त्या १९४३पासून एनएएसीपीच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या, बलात्कार आणि झुंडबळीच्या प्रकरणांच्या नोंदी ठेवत होत्या आणि अटकेच्या आधीच्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर केंद्रात प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. ‘साधीसुधी गृहिणी असूनही’ हे शब्द तुमच्या मसुद्यात असतील तर तिथे तुम्हाला अजून माहिती गोळा करायची आहे.

मसुदा छापण्याआधी तिला वाचायला द्या. महापौरांकडून घोषणापत्र हवं असेल तर महापौर कार्यालयाला दीड महिना आधी लिहा. मजकूर बहुतेक ठिकाणी आपल्यालाच लिहून द्यावा लागतो, त्यामुळे वरचा मसुदा तिथेही उपयोगी पडतो.

कार्यक्रमाचा दिवस

जागा तिच्या वस्तीतली घ्या: चर्चचा हॉल, ग्रंथालय, कम्युनिटी सेंटर. ‘त्या भागात संध्याकाळी कशाला?’ असं आपल्यातलं कुणीतरी म्हणेल. त्या भागातच तिनं आयुष्यभर काम केलं आहे, आणि आपली माणसं एकदा तिथे दोन तास बसून जेवली की हा प्रश्न परत येत नाही. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्यासाठी रॅम्प, घरून आणायला गाडी, स्टेजवर हाताची खुर्ची, हे आदल्या दिवशी स्वतः बघून या.

वेळेची वाटणी: दीड तासात सत्कारमूर्तींचं बोलणं निदान पाऊण तास. मंडळाच्या अध्यक्षांना तीन मिनिटं, प्रायोजकांना स्लाइडवर जागा. तिला भाषण नको असेल तर मुलाखत घ्या, आणि ती तिच्याच हाताखाली तयार झालेल्या तरुणीनं घ्यावी. कार्यक्रमाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय समाजाचं राष्ट्रगीत मानलं जाणारं गीत बहुधा म्हटलं जाईल, तेव्हा सगळ्यांनी उभं राहायचं असतं. हे मंडळाच्या सदस्यांना आधी कळवा.

शाल आणि श्रीफळ जरूर द्या, आपल्याकडे ज्याचा मान करतो त्याला हे देतो असं एका वाक्यात सांगून. शाल खांद्यावर घालण्याआधी विचारा. कुंकवाचंही तसंच, अनेक जणी निष्ठावान ख्रिश्चन असतात. गजरा हातात द्या, केसांत माळायला जाऊ नका. केसांवरून कृष्णवर्णीय बायकांना शाळेत आणि नोकरीत इतकं सोसावं लागलं आहे, की कॅलिफोर्नियाला २०१९ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. कौतुकानंसुद्धा केसांना हात लावायचा नाही, हे आपल्या मुलांनाही सांगून ठेवा.

नंतर टिकणारं काही

पुतळा, रस्त्याचं नाव, फलक ही लांबची वाट आहे, पण अशक्य नाही. शिकागोत आयडा बी. वेल्स यांच्या स्मारकासाठी त्यांच्या पणतीनं आणि वस्तीतल्या लोकांनी दहा वर्षांहून अधिक काळ पैसे जमवले. सुमारे तीन लाख डॉलर उभे राहिले आणि २०२१ साली ब्राँझव्हिलमध्ये ते स्मारक उभं राहिलं. त्याआधी २०१९मध्ये शहराच्या मध्यभागातल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव मिळालं होतं. झुंडबळीच्या घटनांची आकडेवारी गोळा करून जगापुढे मांडणाऱ्या या पत्रकार बाई १९३१ साली गेल्या. कायमच्या खुणेसाठी अर्ज करायचा असेल तर सुरुवात नगरपरिषदेच्या स्थानिक सदस्यापासून होते, आणि हे काम कृष्णवर्णीय संस्थेच्या पुढाकारानंच चालावं. आपण सह्या गोळा कराव्यात, सुनावणीला हजर राहावं.

यंदाच करता येईल असं काम म्हणजे मुलाखतीचं रेकॉर्डिंग. त्याच्या तीन प्रती करा: एक कुटुंबाला, एक तिच्या संस्थेला, एक तिच्या सहीच्या संमतीपत्रासह सार्वजनिक ग्रंथालयाला. फाइलवर तारीख, जागा आणि बोलणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहा. फोटोतल्या माणसांची नावंही त्याच पाकिटात घाला. कार्यक्रमानंतर आठवड्याभरात देणगीचा चेक पोहोचला की नाही ते खजिनदाराला विचारा. आणि पुढच्या वर्षीच्या निवड समितीवर येण्याचं निमंत्रण सत्कारमूर्तींना महिन्याच्या आत पाठवा, म्हणजे पुढची नावं त्या सुचवतील.